मनोगत छापायच्या आधी

कुंभार पिंपळगाव,
शनिवार, दुपार

प्रिय शालू,

हे अक्षर जुबेदाचं, बोलणं माझं. जिथं वाक्य फार सरळ आणि गुळगुळीत लागेल तिथं तिनं इस्त्री फिरवली असं समज. शिवणकाम करणाऱ्या बाईला कुठंच चुणी बघवत नाही. मी ‘न्हाई’ म्हणते, ती ‘नाही’ लिहिते. म्हणते, मावशी, पोरगी आता लेखिका झाली, तिच्यापुढं तरी जरा बराबर बोला. मी म्हणलं, लेखिका झाली तर काय तिचं शेंबडं नाक मी पुसलं न्हाई? हे पण लिही म्हणलं. हसून राह्यली, पण लिहिलं बघ तिनं.

तू म्हणशील, म्हातारीनं फोन का नाही केला. केला असता गं. तीनदा तुझ्या फोटोवर बोट नेलं आणि तीनदा मागं घेतलं. फोनवर तू ‘आजी’ म्हणतेस, मी काहीतरी टवाळकी करते, तू हसतेस, आणि जे बोलायचं ते पदराच्या गाठीत तसंच राहतं. टवाळी करून सुटायची मला जुनी सवय. जुबेदा म्हणाली, आवाज भरून पाठवा मोबाइलवर. पण आवाज कानाआड गेला की गेला. हे मला कागदावर पाहिजे. का पाहिजे ते शेवटी सांगते.

तुझा कागदांचा गठ्ठा कचरू पोस्टमननं आणून दिला त्याला आज अठरा दिवस झाले. सोबतच्या चिठ्ठीत तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, पहिल्या पानावर ‘माझ्या आजीला, द्वारकाबाईला’ असं छापू ना? दुसरी, जालन्याला प्रकाशनाला येशील ना, पुस्तकाची फीत तुझ्याच हातानं सोडायची आहे. महिन्याच्या आत कळव, एकदा छपाई सुरू झाली की बदल होणार नाही, असंही लिहिलंस. आता बाराच दिवस राहिले. दोन्हीला माझं उत्तर तयार आहे, पण ते हो-नाहीत मावत नाही. तुझ्या कादंबरीच्या आधी जे मनोगत आहे त्यात एक गोष्ट खोटी आहे. तू खोटं लिहिलं नाहीस. तुला खोटंच माहीत आहे, आणि ते माझ्यामुळं.

आधी कादंबरीचं सांगते, म्हणजे तुझा जीव खालीवर होणार नाही. पंधरा दुपारी वाचली आम्ही. जेवणं झाली की जुबेदा मशीनवरचं कापड बाजूला सारून यायची आणि ओट्यावर बसायची. गठ्ठा सोडल्याबरोबर ती पहिल्या पानापासून सुरू करायला लागली तर मी म्हणलं, हे आधीचं मनोगताचं भाषण राहू दे, गोष्ट वाच. भाषण मागून. कुठल्याही कार्यक्रमात मला भाषणं आवडली नाहीत, पुस्तकात कशी आवडतील? मंग ती सुपात बसून उडणारी म्हातारी आली आणि मी एकदम टक्क जागी झाले. तीच म्हातारी! वीस वर्षांनी! गल्लीतल्या बाया येता-जाता विचारायच्या, काय चाललंय द्वारकाबाई, पोरासोरांचं पुस्तक ऐकून राह्यल्या का? मी म्हणायचे, हो, मोठ्यांची ऐकून बघितली, त्यात कुणी उडत न्हाई. तिसऱ्या दिवशी त्याच बाया घरनं निवडायचं धान्य घेऊन आल्या आणि आमच्याच ओट्यावर बसल्या.

मला पुस्तकाची गोडी कुणी लावली तर तू. शाळेत ती लोखंडी पुस्तकपेटी होती, तिची किल्ली बुद्धभूषण सरांनी तुझ्याकडं देऊन टाकल्ती, कारण दुसरं कुणी मागतच नव्हतं. तू सहावी-सातवीत होतीस. मी भाकरी थापायचे आणि तू चुलीच्या उजेडाला पुस्तक धरून वाचायचीस. सगळी जुनी पुस्तकं, आधीच्या पिढीतल्या पोरांनी वाचून पिवळी केलेली. होडीत बसून एकटी बापाला शोधायला निघालेली ती पोर आठवते? तू वाचत होतीस की समुद्र असा आणि लाटा तशा, आणि मी मधीच विचारलं, पोरीनं भाकरी बांधून घेतली का न्हाई? तू पानं उलटून बघितलीस आणि म्हणालीस, आजी, लिहिलेलं न्हाई. मी म्हणलं, मंग लिहिणाराला काय कळतं, उपाशी पोरगी दोन दिवसांत वल्हं टाकून देईल. आणि किराणा दुकान थाटणारं ते अस्वल! गूळ विकायला ठेवतं आणि स्वतःच खातं. ते पुस्तक मी तुझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. पाचव्यांदा मागितलं तर तू म्हणालीस, आजी, आता तूच सांग, तुला पाठ झालंय. खरंच झाल्तं. ऐकलेलं माझ्या पोटात राहतं. त्या पोटानंच पुढं घात केला.

होडीवाल्या पुस्तकाची शेवटची पानं फाटल्ती. तुला ते माझ्यापासून लपवायचं होतं म्हणून तू मनानंच शेवट वाचलास, पुस्तकात नजर ठेवून, न अडखळता. पोरीला बाप सापडला आणि त्यानं पहिल्यांदा विचारलं, जेवलीस का? मी तव्यावरची भाकरी विसरले. मी म्हणलं, हे पुस्तकात न्हाई. हे तू केलंस. तू विचारलंस, कशावरून? मी म्हणलं, पुस्तकातल्या माणसांना भूक लागत न्हाई, ह्या बापाला लागल्ती. त्या दिवसापासून तू लिहायला लागलीस. लोक आता तुला विचारतील की लिहिण्याची सुरुवात कशी झाली. एवढं खरं सांगितलंस तर माझी हरकत नाही. पुढचं ऐकलंस की तेही सांगावंसं वाटणार नाही कदाचित.

आता माझ्या पोथीचं. तुझे आजोबा दर श्रावणात घरी पोथी वाचायचे. एकवीस श्रावण मी ती ऐकली. ते गेल्यावर देवळातल्या बायांनी विचारलं, आता कोण वाचणार? कुणीतरी म्हणालं, द्वारकाबाईच्या घरी पोथी आहे, त्यांना येतच असेल. मला नाही म्हणायला पाहिजे होतं. मी तुझ्या आजोबांचा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि डोळ्यांवर चढवला. झालं. अकरा वर्षं मी देवळात बसून पोथी ‘वाचली’. ओवी संपली की बोट खाली सरकवायचं, अध्याय अर्ध्यावर आला की पान उलटायचं, सगळं अंदाजानं. बाया पाया पडायच्या. बँकेत अंगठा उठवून आले की शाईचं बोट पदरात लपवून गल्लीतून यायचे, कारण पोथी वाचणारीचा अंगठा निळा असून कसं चालेल? घरात सगळ्यांना माहीत होतं, पण घरातल्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. आणि तू देवळात माझ्या मांडीला टेकून बसायचीस. मला वाटायचं झोपलीस. तू झोपत नव्हतीस. तुला वाचता येत होतं आणि तुझी नजर पोथीवर होती.

त्या एप्रिलमधी तुझ्या तीन वह्या भरल्या. म्हणायला पोरीचा खेळ, पण अशी गोष्ट मी त्या पेटीतसुद्धा ऐकली नव्हती. सुपात बसून म्हातारी बाजारावरून उडते, वरून शेळ्या आणि मिरच्यांचे ढीग बघते, हिच्या-तिच्या अंगणात उतरते. मी हसून हसून लोळायची बाकी राह्यले. मंग तू तिसरी वही काढलीस. म्हातारी एका परगावी उतरते आणि तिथले लोक तिला पोथी वाचायला बसवतात. तिला अक्षर येत नाही. ती चष्मा पुसते. दोन पानं एकदम उलटतात, तिला कळत नाही, ती आपली मागच्याच पानावरचं म्हणत राहते, आणि समोरची एक शहाणी बाई पदर तोंडाला लावून हसते. इथं मी म्हणलं, बास, मला पाणी आणायचंय. आणि उठले. हौदापर्यंत गेले तेव्हा कळलं की घागर घरीच राह्यली.

परत आले तर तू विचारलंस, आजी, हसू आलं का? मी हसले. खोटं हसण्यात माझा हात धरणारी जिल्ह्यात सापडायची नाही. तू उड्या मारून राह्यली होतीस. म्हणालीस, एक मेला झेंडावंदन झालं की, निकाल सांगायच्या आधी, सर सगळ्या गावापुढं माझ्याकडून हे वाचून घेणार हायेत. हेच, पोथीचंच पान. सरांना लई आवडलंय. एक मेला शाळेत कोण नसतं? आया असतात, आज्या असतात, देवळातल्या सगळ्या बाया असतात. मी त्या दुपारी भाकरी करपवल्या. तुझ्या आईनं करपलेल्या स्वतःच्या ताटात घेतल्या.

तुला आमच्या कागदाच्या टोपल्यांचं सांगायला नको, पण तुझ्या शहरातल्या पोरींना माहीत नसेल. परीक्षा संपल्या की घरातल्या वह्या, जुनी पंचांगं, वाण्याच्या पुड्यांचे कागद दोन दिवस पाण्यात भिजत घालायचे, उखळात कुटायचे, वाटलेल्या मेथ्या घालून घागरीच्या बुडावर थापायचे आणि उन्हात वाळवायचे. शेवया-कुरडया ठेवायला टोपली तयार. दरवर्षी घरोघरी हे चालायचं, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. त्या वर्षी तू तुझ्या बापासंगं तीर्थपुरीला लग्नाला गेल्ती, दोन दिवस. तुझी आई वावरात होती. मी घंगाळात पाणी घेतलं, रद्दी टाकली. मंग घरात गेले आणि तुझी ट्रंक उघडली.

मला अक्षर ओळखू येत नाही, पण वही ओळखू येते. तीन वह्या फ्रॉकांच्या खाली होत्या. पहिलीच्या पुठ्ठ्यावर तू सूप काढल्तं, सुपात म्हातारी, म्हातारीच्या नाकावर चष्मा. दुसरीवर तेलाचा डाग होता, माझ्याच बोटाचा. तिसरीच्या तारा निघाल्त्या म्हणून मीच तिला दाभणानं टाके घातल्ते. तेच टाके मी उसवले. एकेक पान वेगळं केलं, म्हणजे लवकर भिजतं, आणि पाण्यात सोडलं. शाई निळी होऊन वर आली. मी हातानं कागद खाली दाबले.

जुबेदा थांबली. पेन वर धरून माझ्या तोंडाकडं बघून राह्यली. मी म्हणलं, लिही, चुकून केलं न्हाई असं लिही. तिनं लिहिलंय. तू परत एकदा वाच. मी चुकून केलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या आईला म्हणलं, दुर्गा, कागद भिजलेत, कुटून घे. ती कुटायला बसली. तोवर लगदा झाल्ता, त्यात काय होतं ते कुणाला कळणार? पण पुठ्ठा लवकर विरघळत नाही. घंगाळाच्या तळाशी एक तुकडा तिच्या हाताला लागला. तिनं तो धुतला, उन्हात धरून बघितला आणि माझ्याकडं घेऊन आली. म्हणाली, आत्या, ही शालूची गोष्टीची वही तर न्हाई? मी मेथ्या वाटत होते. वर न बघता म्हणलं, मला काय कळतं बाई अक्षर? शालू, त्या तुकड्यावर अक्षर नव्हतंच. चित्र होतं. सूप होतं आणि चष्मा होता. तुझ्या आईनं ते बघितलं, मी तिरक्या डोळ्यानं ते बघितलं, आणि तरी मी अक्षराच्या नावाखाली लपले. जन्मभर ज्याची लाज वाटली तेच त्या दिवशी पांघरूण झालं. ती तुकडा घेऊन वळली. मंग परत जाऊन बसली. उरलं काहीच नव्हतं, काय वाचवणार?

आणि तेवढ्यात तुम्ही जीपमधून उतरलात. तुझ्या हातात लग्नातल्या बुंदीची पुडी होती, माझ्यासाठी राखून आणलेली. तू उखळ बघितलंस, मुसळ बघितलंस, मुसळ कुणाच्या हातात आहे ते बघितलंस, आणि पुठ्ठ्याचा तो तुकडा बघितलास. पुढचं तुला माहीत आहे, पण मी काय बघितलं ते तुला माहीत नाही. तू आईला म्हणालीस, आजीला येत न्हाई वाचता, तुला तर येतंय ना! सातवीपर्यंत शिकलीस ना तू! तुझ्या आईनं एकदा माझ्याकडं बघितलं. एकदाच. मला वाटलं आता बोलेल. माझ्या हातातला वरवंटा थांबला. ती तुझ्याकडं वळली आणि म्हणाली, माझ्याच्यानं चूक झाली, शालू. आणि मी? मी मेथ्या वाटत राह्यले. तू रडत येऊन माझ्याच मांडीवर डोकं ठेवलंस, आणि मी तुझ्या केसांवरून हात फिरवला. मेथीचा हात. तुझ्या केसांना दोन दिवस त्याचा वास होता.

एक मेला सरांनी तुझं नाव पुकारलं. तू उभी राहिलीस, म्हणालीस, माझ्याजवळ काही न्हाई सर, आणि खाली बसलीस. मी बायांमधी बसल्ते. माझी अब्रू वाचली. त्या श्रावणात मी पोथीला बसले आणि पहिल्याच अध्यायाला माझी जीभ अडली. एकवीस वर्षं ऐकलेलं, अकरा वर्षं म्हणलेलं, आणि पुढची ओवी आठवेना. डोळ्याला दिसत न्हाई असं सांगून उठले, ती परत कधी बसले नाही. तेव्हा ज्याच्यासाठी केलं तेही हाती लागलं नाही. हे मी दया यावी म्हणून सांगत नाही. हिशेब पुरा व्हावा म्हणून सांगते.

जूनमधी तू जालन्याच्या वसतिगृहात गेलीस. जायचा हट्ट तूच धरलास. तिथून पत्रं यायची, सगळी माझ्या नावाची. ती कोण वाचून दाखवायचं ते तुझ्या कधी मनात आलं का? बाप तुझा दिवसभर बाहेर. तुझी आईच वाचायची. ‘प्रिय आजी’ पासून ‘तुझीच शालू’ पर्यंत, त्यात तिच्यासाठी एक ओळ नसायची, आणि ती ठणठणीत आवाजात शेवटपर्यंत वाचायची. कधी कधी शेवटी म्हणायची, आईला नमस्कार सांग. मी ऐकलेलं विसरत नाही शालू, आणि पुस्तकातलं कुठलं आणि मनातलं कुठलं ते मला कळतं. ती ओळ तू लिहिली नव्हतीस. ती तिनं स्वतःच वाचली होती. दोन-तीनदा तिनं मला विचारलं, आत्या, शाळेच्या पेटीतलं एखादं पुस्तक आणून वाचू का तुमच्यासाठी? मी म्हणलं, आता वय झालं, पोरांची पुस्तकं काय ऐकायची. कोणत्या तोंडानं ऐकणार होते तिच्याकडून? वीस वर्षं मी एकही गोष्ट ऐकली नाही. तुझ्या गठ्ठ्यानं तो उपास सोडला.

उपास सुटला तोही कसा. अकराव्या दुपारी ते पान आलं. म्हातारी परगावी उतरली, चष्मा पुसला, पोथी उघडली. मी ओट्यावर नजर फिरवली. सगळ्या बाया बसल्या होत्या, देवळातल्या त्याच, आता बोळक्या झालेल्या. जुबेदा वाचून राह्यली: दोन पानं उलटली, शहाणी बाई हसली. बायासुद्धा खो-खो हसल्या. इथवरच मी वीस वर्षांपूर्वी ऐकल्तं. ह्या वेळी मला उठता आलं नाही, गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून पुढचं कानावर पडलं. एक चिमणी खाली येते आणि चोचीनं पान मागं उलटते. ती शहाणी बाई पोथीत डोकावते, तर तिथं सगळं बरोब्बर तेच, जे म्हातारी म्हणून राह्यली. आणि चिमणी त्या बाईच्या कानात सांगते, तुम्हाला कागद लागतो, हिला लागत नाही, हिची पोथी हिच्या पोटात आहे. मी जुबेदाला विचारलं, हे पोरीनं आता लिहिलं का आधीचं आहे? तिला काय माहीत. मीच ऐकून ओळखलं. ते बारा वर्षांच्या पोरीचं होतं. तू मला हसत नव्हतीस. तू मला सांभाळत होतीस, आणि मी अर्ध्यातून उठले. जी म्हातारी प्रत्येक गोष्टीचा शेवट मागायची ती ह्या एकाच गोष्टीला पाणी आणायला गेली.

मंग काल भाषण वाचायचं राह्यलं होतं, ते वाचलं. बाया नव्हत्या, आम्ही दोघी आणि तुझी आई. ती आत उंबऱ्याशी तूर निवडत बसली होती. मला वाटलं आभारबिभार असतील. जुबेदानं वाचलं: ‘मी बारा वर्षांची असताना माझी पहिली कादंबरी माझ्या आईनं उखळात कुटली. तिला वाचता येत होतं. माझ्या आजीला एक अक्षर येत नव्हतं, पण तिनं ती कादंबरी ऐकली होती. नुसतं वाचता येणं आणि ऐकता येणं यातला फरक मला त्या दिवशी कळला.’ वाक्य चांगलं आहे, तुझ्या सगळ्या पुस्तकातलं सगळ्यात गुळगुळीत. जुबेदानं आत बघितलं. तूर चाळायचा आवाज थांबला होता. मंग तुझी आई म्हणाली, चांगलं लिहिलंय पोरीनं. आणि म्हणाली, आत्या, चहा टाकू का? चहा आणला, त्यात साखर नव्हती. मी तसाच प्याले, तीही प्याली.

आणि आत्ता, हे लिहिता लिहिता, जुबेदानं मला एक सांगितलं, ते तिनं वीस वर्षं पोटात ठेवल्तं. त्या वर्षी तुझी आई तिच्याकडं ब्लाउज शिवायला गेली आणि तिथं रडली. म्हणाली, वही आत्यांच्याच हातानं गेली, पण त्यांना कळलं न्हाई. पोरीला खरं सांगितलं तर सगळीकडं एकच गाजेल की द्वारकाबाईला अक्षर येत न्हाई. देवळात बसतात त्या. त्यांना मान आहे. माझं काय, मला बोलून घेतील. ऐकलंस? ती माझी लाज झाकायला चूक आपल्या अंगावर घेऊन बसली, आणि आजवर तिला हे माहीत नाही की मला सगळं कळत होतं. तिला मी भोळी वाटते. वीस वर्षं ती एका भोळ्या बाईला वाढून राह्यली.

तर माझं उत्तर ऐक. मनोगतातल्या त्या ओळी काढ. पहिल्या पानावर कुणाचं नाव घालायचं ते तुझं तू ठरव, माझं घालू नकोस. फितीला मी हात लावणार नाही. प्रकाशनाला यायचं का ते तू बोलावलंस तर बघू. हे सगळं मी तुला फोनवर चार वाक्यांत सांगू शकले असते, आणि मंग तू आईला सांगितलं असतंस, आणि मी परत एकदा दुसऱ्याच्या तोंडाआड बसले असते. म्हणून कागद पाहिजे होता. खरं म्हणजे हे पत्र पहिल्यांदा तुझ्यासाठी नाहीच. पाकिटावर तुझा पत्ता आहे, तिकीट लावलंय, पण तोंड चिकटवलेलं नाही. जुबेदाची सही झाली की मी ते आत नेऊन तुझ्या आईच्या हातात देणार आहे आणि ती वाचेपर्यंत समोर बसणार आहे. तोंडानं सांगायला गेले तर मी मधीच काहीतरी गंमत करीन, माझा भरवसा नाही. वाचून झाल्यावर तिनं फाडलं तर तिचा हक्क आहे, मी दुसरं लिहून घेणार नाही. तेव्हा शालू, हे तुझ्या हातात आलं असेल तर एवढं समज, की ते तुझ्या आधी तुझ्या आईनं वाचलं, पाकीट तिनं चिकटवलं, आणि पोस्टात तिनं टाकलं. मला फोन करू नकोस. तिला कर.

तुझीच, पण तू म्हणशील तरच,
द्वारकाआजी

(अंगठा मावशींचा. लिहिणार जुबेदा.)